बघण्याचा अधिकार कोणाचा? सोनोग्राफीच्या शिक्षणाचा इतिहास

मराठी घरात ‘सोनोग्राफी’ हा शब्द उच्चारला की पहिला प्रश्न येतो तो ‘कितवा महिना?’ असा. पोटात खडा झालेल्या आजोबांचीही सोनोग्राफी होते, पण शब्दाला चिकटलेला अर्थ बाळंतपणाचाच. दवाखान्यात यंत्राच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते, तीही हाच अर्थ पक्का करते. त्यामुळे जगातल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आज पहिल्या वर्षाच्या मुलामुलींच्या हातात सोनोग्राफीचा प्रोब दिला जातो, आणि तोही बाळ बघण्यासाठी नव्हे, तर अपघातातला रक्तस्राव, छातीतली हवा आणि थांबू पाहणारे हृदय ओळखण्यासाठी, हे सांगितले की ऐकणारा थोडा चमकतो.

या शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही, साठ-सत्तर वर्षांत मावणारा आहे. तो यंत्रांच्या सुधारणांचा इतिहास म्हणून नेहमी सांगितला जातो. माझ्या मते तो मुख्यतः एका भांडणाचा इतिहास आहे. रोग्याच्या शरीराच्या आत डोकावण्याचा अधिकार कोणाचा, तो मिळण्यासाठी किती शिकावे लागते आणि ते कोणी ठरवायचे, याचे हे भांडण. आपल्या देशात त्याला एक वेगळे, दुखरे वळण लागले. ते शेवटी पाहू.

पिंपावरची टिचकी आणि कागदाची नळी

शरीर न फाडता आतले जाणून घेण्याची विद्या युरोपात प्रथम कानाने शिकली गेली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावचा लिओपोल्ड आउएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपावर टिचकी मारून आत दारू कुठवर आहे ते ओळखतात, हे त्याने लहानपणी पाहिले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने रोग्यांच्या छातीवर तशाच टिचक्या मारल्या आणि १७६१ साली त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार याने १८०८ मध्ये त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ही पद्धत शिकवली जाऊ लागली. मधे सत्तेचाळीस वर्षे गेली.

कॉर्व्हिझारचाच शिष्य रेने लाएनेक. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये एका स्थूल तरुणीच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी केली आणि तिच्या एका टोकाला कान लावला. आवाज पूर्वीपेक्षा स्पष्ट आला. पुढे लाकडी नळी आली, १८१९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. लाएनेकचे खरे मोठेपण मात्र नळीत नाही. जिवंतपणी ऐकलेला आवाज त्याने मृत्यूनंतर शवविच्छेदनात दिसलेल्या फुप्फुसाशी ताडून पाहिला आणि आवाजांना नावे दिली. वाद्य एक आणि त्याची स्वरलिपी दुसरी. स्वरलिपी झाल्यावरच विद्या शिकवता येते. सोनोग्राफीच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

पाणबुडी, जहाज आणि बॉयलर

पिअर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते. याच्या उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो आणि माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हॅंने हा ध्वनी पाण्यात सोडून पाणबुड्यांचा माग काढण्याचे तंत्र बसवले. ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळाने परततो ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. आजच्या यंत्रातही तत्त्व हेच आहे. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरून यंत्र हिशेब करते. हाड आणि हवा मात्र त्याला आडवी येतात.

हाडाने पहिलाच घात केला. व्हिएन्नाचा मज्जातज्ज्ञ कार्ल डुसिक याने १९४२ मध्ये डोक्यातून ध्वनी पार पाठवून मेंदूतल्या पोकळ्यांची चित्रे काढल्याचे जाहीर केले. पुढे कळले की चित्रातल्या बऱ्याच आकृत्या मेंदूच्या नव्हत्या, कवटीनेच त्या पाडल्या होत्या. पडद्यावर दिसते ते सगळे शरीरात असतेच असे नाही, हा या विद्येचा पहिला धडा. आजही शिक्षक तो पहिल्या तासाला देतात.

युद्धानंतर उरलेल्या सामग्रीतून चारी दिशांना प्रयोग सुरू झाले. अमेरिकेत मिनिआपोलिसला जॉन वाइल्ड आतड्याची आणि स्तनाची गाठ तपासत होता. डेन्व्हरला डग्लस हाउरी रोग्याला पाण्याच्या टाकीत बसवून त्याच्याभोवती यंत्र फिरवत होता. स्वीडनमधल्या लुंड गावी हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि पदार्थविज्ञानाचा अभ्यासक हेलमुथ हेर्ट्झ यांनी जहाजांच्या पोलादातले दोष शोधणारे यंत्र उसने आणून १९५३ मध्ये धडधडत्या हृदयाचा आलेख मिळवला.

या सगळ्यांत ग्लासगोच्या इयन डोनाल्डची गोष्ट सर्वांत बोलकी. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेला हा माणूस युद्धात ब्रिटिश हवाई दलात होता, रडारशी त्याची ओळख तिथली. १९५५ च्या जुलैत तो शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात गेला. पोलाद तपासण्याच्या यंत्राने त्याने त्या गाठी तपासल्या आणि ताडून पाहायला गोमांसाचा तुकडा घेतला. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी निराळे निघाले. टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याने पुढचे यंत्र बांधले. ७ जून १९५८ रोजी डोनाल्ड, मॅकव्हिकार आणि ब्राउन यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातली एक रुग्ण जठराच्या असाध्य कर्करोगाची समजली जात होती. यंत्राने द्रवाने भरलेली गाठ दाखवली. ती बीजांडकोशाची निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि बाई बरी झाली.

अंधारी खोली आणि कॅज्युअल्टी

पुढच्या वीस वर्षांत सोनोग्राफी रुग्णालयाच्या एका अंधाऱ्या खोलीत स्थिरावली. यंत्र कपाटाएवढे, महाग आणि नाजूक. साहजिकच ते क्ष-किरण विभागाच्या ताब्यात गेले. रोग्याने तिथे जायचे, तंत्रज्ञाने चित्रे काढायची, रेडिओलॉजिस्टने अहवाल लिहायचा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो वाचायचा. ज्याला वेळ आहे त्या रोग्यासाठी ही व्यवस्था उत्तम होती.

अपघातात सापडलेल्याला मात्र वेळ नसतो. गाडीने उडवलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो. नाडी जलद, रक्तदाब उतरत चाललेला, बाहेर जखम दिसत नाही. रक्त पोटात साठते आहे की नाही, एवढेच कळायला हवे. १९६५ पासून यावर एक खात्रीचा पण रांगडा उपाय होता. बेंबीखाली छेद घेऊन नळी घालायची, लिटरभर सलाइन सोडायचे, परत काढायचे आणि त्यात रक्त आहे का ते पाहायचे. दुखापतीनंतरचा रक्तस्राव सोनोग्राफीने दिसतो, याची नोंद १९७१ मध्ये डेन्मार्कमधून प्रसिद्ध झाली. १९८० च्या दशकात जर्मनीत सर्जन स्वतः प्रोब हाती घेऊ लागले, त्यांच्या प्रशिक्षणातच ही विद्या आली. अमेरिकेत १९९० च्या दशकात ग्रेस रोझिकी आणि इतर सर्जनांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले, आणि ‘फास्ट’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव रूढ झाले.

फास्टचे सामर्थ्य तिच्या आखूडपणात आहे. पोटाचे समग्र परीक्षण ती करत नाही. चार खिडक्या ठरलेल्या: उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, डावीकडे प्लीहा आणि मूत्रपिंडाची, खाली मूत्राशयाच्या मागची आणि उरोस्थीच्या खालून दिसणारी हृदयाची. उताण्या झोपलेल्या माणसाचे रक्त याच खोलगट जागी उतरते, आणि द्रवातून प्रतिध्वनी येत नसल्याने पडद्यावर काळा पट्टा दिसतो. प्रश्न एकच, काळा पट्टा आहे की नाही? उत्तर दोन-तीन मिनिटांत. पट्टा आहे आणि रक्तदाब कोसळतो आहे, तर रोगी थेट शस्त्रक्रियागृहात.

इथेच भांडण पेटले. इमर्जन्सी मेडिसिन ही शाखाच अमेरिकेत नवी होती. तिथल्या डॉक्टरांची संघटना १९६८ मध्ये स्थापन झाली आणि स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्यता १९७९ मध्ये मिळाली. या नवशिक्या शाखेने रेडिओलॉजीचे यंत्र मागावे, हे अनेकांना रुचले नाही. आक्षेप केवळ पैशांचा वा प्रतिष्ठेचा नव्हता. सोनोग्राफी हे पाहणाऱ्याच्या हातावर अवलंबून असलेले शास्त्र आहे. प्रोब बोटभर सरकला तर आहे ते दिसत नाही आणि नाही ते दिसते. अर्धवट शिकलेला डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून रोग्याला घरी पाठवील, ही भीती खरी होती, आजही आहे.

इमर्जन्सीवाल्यांनी त्याला दिलेले उत्तर शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते. आम्ही रेडिओलॉजिस्ट होणार नाही, असे त्यांनी सांगितले. आम्ही मोजके प्रश्न विचारू, ज्यांचे उत्तर हो किंवा नाही असेच असेल, आणि प्रत्येक प्रश्न किती तपासण्यांनंतर विचारायचा ते आम्हीच लिहून देऊ. १९९४ मध्ये त्यांचा पहिला नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठरावच केला की योग्य प्रशिक्षण घेतलेल्या कोणत्याही डॉक्टरच्या कक्षेत सोनोग्राफी येते आणि निकष त्या त्या शाखेने ठरवावेत. २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आकडेही आले. प्रत्येक उपयोगासाठी किमान २५ तपासण्या, एकूण १५०, आणि त्या नुसत्या करून भागत नाही, जाणकाराने तपासून घ्याव्या लागतात. लाएनेकने आवाज शवाशी ताडला होता, इथे विद्यार्थ्याचे चित्र सीटी स्कॅनशी आणि शस्त्रक्रियेतल्या निष्कर्षाशी ताडले जाऊ लागले.

याच सुमारास फ्रान्समध्ये डानिएल लिखटेनस्टाइन एक उलटे काम करत होता. फुप्फुसात हवा असते, म्हणून तिथे सोनोग्राफी निरुपयोगी, असे पाठ्यपुस्तके सांगत. ज्या खोट्या रेषांना इतर जण दोष मानून सोडून देत, त्यांच्याकडेच त्याने लक्ष दिले. आडव्या रेषा म्हणजे बहुधा कोरडे फुप्फुस, उभ्या झोतासारख्या रेषा म्हणजे फुप्फुसात पाणी, आणि श्वासाबरोबर फुप्फुसाचे आवरण सरकताना दिसले तर त्या जागी तरी छातीत सुटी हवा नाही. डुसिकला ज्याने फसवले, त्यातूनच याने भाषा घडवली. श्वास लागलेल्या रोग्याचे निदान करण्याची त्याची पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बारा वर्षांनी कोविडच्या साथीत जगभर कामी आली.

विद्यार्थ्याच्या हातात

विद्यार्थ्यांना हे शिकवावे ही कल्पना मात्र प्रथम इमर्जन्सीतून आली नाही. जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शरीररचनाशास्त्र शिकवण्यासाठी सोनोग्राफी वापरली, त्याचा वृत्तांत १९९६ मध्ये आला. जिवंत माणसाचे यकृत श्वासाबरोबर खाली सरकते, हे शवावर कधीच दिसत नाही.

अडचण यंत्राची होती. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बॅटरीवर चालणारे हातातले यंत्र करून पाहिले होते, पण काळ त्याच्या बाजूने नव्हता. १९९० च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याने रणांगणावर नेता येईल अशा यंत्रासाठी पैसा दिला. त्यातून १९९९ मध्ये सुमारे अडीच किलो वजनाचे सोनोसाइट बाजारात आले. २०१७ मध्ये स्फटिकाऐवजी सिलिकॉनची चिप वापरणारा, मोबाइलला जोडायचा प्रोब अमेरिकेत मान्य झाला. पाणबुडीपासून निघालेली वस्तू ॲप्रनच्या खिशात आली.

२००५ मध्ये एका प्रयोगाने खळबळ उडवली. पहिल्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना १८ तासांचे प्रशिक्षण देऊन हृदयरोग्यांसमोर उभे केले. त्यांच्या हातात छोटे सोनोग्राफी यंत्र, आणि तुलनेला अनुभवी हृदयतज्ज्ञ, ज्यांच्याकडे फक्त स्टेथोस्कोप आणि हात. विद्यार्थ्यांनी ७५ टक्के दोष बरोबर ओळखले, तज्ज्ञांनी ४९ टक्के. यातून ‘स्टेथोस्कोप मेला’ असा निष्कर्ष काढणारे बरेच निघाले. तो उतावीळपणा होता. विद्यार्थ्यांनी दोष ओळखला, पण त्या दोषाचे काय करायचे हे तज्ज्ञांनाच ठाऊक होते.

२००६ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाने रिचर्ड हॉपमन यांच्या पुढाकाराने चारही वर्षांचा सलग अभ्यासक्रम सुरू केला. त्याच सुमारास डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठाने आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनने तसेच केले. २०११ मध्ये वैद्यकीय शिक्षणातील सोनोग्राफीची पहिली जागतिक परिषद साउथ कॅरोलायनातच भरली. अनेक ठिकाणी या शिक्षणाचा भार इमर्जन्सीच्या शिक्षकांनी उचलला. यंत्र चोवीस तास त्यांच्याच विभागात होते आणि कमी वेळात शिकवण्याची भाषाही त्यांनीच बनवली होती.

ही शिकवणी चालते कशी? विद्यार्थी आधी एकमेकांवर शिकतात. जेल लावायचे, प्रोबवरची खूण कोणत्या दिशेला ते पाहायचे, मग हाताच्या चार हालचाली: सरकवणे, कलवणे, फिरवणे, डोलवणे. एका वेळी एकच. नवशिक्याचा हात सगळ्या हालचाली एकदम करतो आणि मिळालेले चित्र हरवून बसतो. सुई टोचण्याचा सराव जिलेटिनच्या खोट्या मांसावर होतो. त्यात प्रतिध्वनी खराखुरा यावा म्हणून अमेरिकेतले शिक्षक एक रेचक भुकटी मिसळतात. ती भुकटी म्हणजे आपले इसबगोल! शिकवणाऱ्यांचीही एक सोपी चौकट आहे. तपासणी का करायची, चित्र कसे मिळवायचे, त्याचा अर्थ काय आणि मग करायचे काय. चार पायऱ्यांपैकी यंत्र फक्त दुसरीवर मदत करते.

आणि पहिली पायरी सर्वांत अवघड. फास्टमध्ये काळा पट्टा दिसला नाही म्हणजे पोट सुरक्षित असे नव्हे. फाटलेले आतडे ती बहुधा दाखवत नाही. सुरुवातीचे थोडे रक्तही निसटते. रोगी बिघडला तर पुन्हा पाहावे लागते. ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक मुलांच्या अंगी बाणवणे, हेच या शिक्षणाचे सार आहे.

आपल्याकडचा पेच

भारतात मेडिकल कौन्सिलने इमर्जन्सी मेडिसिनला विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. तोवर सोनोग्राफीचा आपला इतिहास पार वेगळ्या वाटेने गेला होता.

१९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षेने मुलगी आहे का ते पाहून गर्भपात करण्याचा धंदा उघड चालत होता. स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. पण तोवर सुईची गरज संपली होती, सोनोग्राफी गावोगाव पोचली होती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ९०० च्याही खाली गेली. ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा कायदा हलला. २००३ मध्ये तो कडक झाला. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवला, ही घटना वाचकांना आठवत असेल.

यातला दैवदुर्विलास असा की इयन डोनाल्ड हा गर्भपाताचा कट्टर विरोधक होता.

२०१२ च्या नियमांनी फिरत्या यंत्राला वेसण घातली. ते नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी, किंवा ठरावीक सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. २०१४ मध्ये गर्भवतीची सोनोग्राफी करू इच्छिणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरले. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीमागे ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो, आणि तो अपुरा भरणे हाही गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदी कायम ठेवल्या. म्हणजे जगात जी वस्तू खिशात गेली, तिच्यासाठी आपण खोलीची दारे पक्की केली. कारणही तसेच होते. खिशातल्या यंत्राची सोय ज्याला सर्वांत आधी कळली असती, तो अपघाताचा डॉक्टर नव्हता.

पण दाराबाहेर कोण उभे राहते ते पाहा. सहा-सात आठवड्यांची गर्भवती, पोटात अचानक कळ, चक्कर, नाडी जलद. गर्भ नलिकेत राहून नलिका फुटली असेल तर पोटात रक्त साठते आहे. फास्टच्या पहिल्याच खिडकीत काळा पट्टा दिसेल आणि तिचा जीव वाचेल. इतक्या लहान गर्भाचे लिंग सोनोग्राफीत कळणे शक्यच नाही. तरीही रात्रपाळीचा डॉक्टर प्रोब उचलताना कचरतो, कारण ती गर्भवती आहे आणि आपल्यामागे कागदोपत्री कायदा लागेल, ही धास्ती. मुलींना वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या सावलीत एक तरुण बाई अशी ताटकळावी, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात नक्कीच नव्हते.

यावर ‘कायदा शिथिल करा’ हे सोपे उत्तर आहे आणि ते मला पटत नाही. कायदा आला तो डॉक्टरांच्याच एका वर्गाने विद्या विकली म्हणून. विश्वास गमावला गेला आहे आणि तो परिपत्रकाने परत येत नाही. ‘डॉक्टरांवर सोडा’ म्हणणाऱ्यांनी ९४६ आणि ९१३ हे आकडे आधी डोळ्यांसमोर ठेवावेत. उलट ‘यंत्र कपाटात बंद ठेवा’ म्हणणाऱ्यांनी त्या ताटकळलेल्या बाईचा विचार करावा.

वाट कदाचित इतिहासातच आहे. इमर्जन्सीवाल्यांनी रेडिओलॉजिस्टांचा विश्वास मिळवला तो हक्काची भाषा वापरून नव्हे. आम्ही कोणते प्रश्न विचारणार नाही, हे त्यांनी आधी लिहून दिले, प्रत्येक चित्र जपून ठेवले आणि दुसऱ्याला तपासू दिले. मर्यादित प्रश्न आणि उघडी नोंद या दोन्ही गोष्टी आपल्या कायद्याच्या हेतूशी विसंगत नाहीत, उलट त्याला पूरक आहेत. नोंदणी केलेल्या कॅज्युअल्टीत, नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर, चार खिडक्यांपुरते प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर ही कल्पना कायदा न मोडताही रुजू शकते.

त्यासाठी शिक्षणातच एक भर घालावी लागेल. विद्यार्थ्याला प्रोब धरायला शिकवताना डुसिकची कवटी आणि डोनाल्डच्या गाठी सांगाव्यात, तशीच १९८८ च्या कायद्यामागची चळवळही सांगावी. हे यंत्र हातात घेण्याआधी त्याने या भूमीवर काय केले ते ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘एफ’ फॉर्म ही कटकट वाटणार नाही, आणि नलिका फुटलेल्या बाईसमोर त्याचा हात कचरणारही नाही. काय बघायचे आणि काय बघायचे नाही, हे दोन्ही त्याने एकाच तासाला शिकलेले असेल.